हळद निघू द्या, म्हणे

त्या सकाळी आम्ही दोघं नवराबायको अंगणात बसून उकरलेली हळद मोडत होतो. गड्डा एकीकडं, कांडी एकीकडं. तोंड तिचंच चालू होतं. माझ्या बायकोला सगळं गाव भोंगा म्हणायचं. मागून नव्हे, तोंडावर. ती हसायची. "भोंगा हाय म्हणून तर तुमच्या कानात शिरून राह्यलं," म्हणायची.

बारा-तेरा वर्षांमागं शिबिरात तिची तपासणी झाली. गर्भपिशवीच्या तोंडाला काही पेशी बिघडलेल्या निघाल्या. कॅन्सर नव्हता, पण तसंच ठेवलं तर पुढं होऊ शकतो, म्हणून डॉक्टरीणबाईंनी ती जागा गार करून गोठवली. दुसरी असती तर पदराखाली झाकलं असतं. ही दुसऱ्या दिवशी हापशावर सुरू झाली.

"चिरफाड न्हाई, टाका न्हाई. धा-पंधरा मिनिटांचं काम. पाळीत येती तशी कळ येती, जरा गरगरतं, मंग घटकाभर बसायचं. पुढं तीन-चार आठवडे पाण्यावानी जातं. त्याला भ्यायचं न्हाई, कापडाची घडी बदलायची. पण ताप आला, घाण वास आला, लई रक्त गेलं, तर घरी बसायचं न्हाई." मग रस्त्यानं चाललेल्या माझ्याकडं हात करून, "अन् महिनाभर ह्यांचं अंथरूण ओसरीवर!"

सगळा हापसा हसला. मी आठ दिवस मागच्या वाटेनं शेतात गेलो. किती मूर्ख होतो.

ह्या साली माझ्या पुतण्याच्या बायकोला, सुमनला, तेच निघालं. दोन लेकरांची आई. दवाखान्यानं तारीख दिली. तिची सासू म्हणजे माझी थोरली भावजय. ती म्हणाली, "महिनाभर पाणी जाणार म्हंजे महिनाभर बाहेरची. हळद शिजवायला घेतली, कढईपाशी तिला कशी येऊ देऊ? हळद निघू द्या, मंग बघू." पहिली तारीख तशीच गेली. दवाखान्यानं दुसरी दिली.

मला राग येतो तो ह्याचा. हळद लावली सुमननं, निंदली सुमननं, रानातून डोक्यावर वाहिली सुमननं. तेव्हा पाळी आली तरी कुणी विचारलं नाही. कढईपाशीच बरा विटाळ आठवला! पोरगी मेली तरी चालेल, हळद नासायला नको.

भोंगा थेट भावजयीच्या दारात जाऊन वाजला. "अक्का, ती पाळी न्हाई. जखम भरून राह्यली म्हणून पाणी जातं. माझं जात होतं तवा तुमच्याच कढईला मी जाळ घातला, तुमाला न सांगता. नासली का हळद त्या साली?"

भावजय रडायला लागली.

"उद्याची तारीख चुकवायची न्हाई. मीच नेते तिला," त्या सकाळी हळद मोडता मोडता बायको मला म्हणाली. "तुमी म्हशीचं बघा." जेवायला म्हणून उठली, छातीला हात लावला अन् खाली बसली. गाडी येईपर्यंत संपली होती. दिवस मावळायच्या आत तिला अग्नी देऊन आलो.

आलेल्या बायका रडत होत्या. भावजयही रडली, खोटं कशाला बोलू. पण डोळे पुसता पुसता म्हणाली, "आता ते दवाखान्याचं राहू द्या. सुतकबी हाय." माझ्या बायकोची राख निवली नव्हती अजून!

सकाळी मी आंघोळ केली, म्हशीला चारा टाकला अन् भावाच्या दारात उभा राहिलो.

"सुमन, चल. गाडीची वेळ झाली."

"भाऊजी, काल तुमची बायको गेली," भावजय म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"लोकांना हळद शिजवू द्या."

सुमन दाराआडून म्हणाली, "काका, मला भेव वाटतं."

"वाटू दे. भीत भीत चल."

दवाखान्यात सिस्टरनं नाव पुकारलं अन् विचारलं, "सोबत बाई कोण आहे?"

"मी हाय."

"आजोबा, घरी गेल्यावर काय काय होईल, काय जपायचं, ते बाईमाणसाला सांगावं लागतं."

बाकावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

"मला सांगा," मी म्हणालो. "जरा मोठ्यानं सांगा. घरी जाऊन मलाच सांगायचंय."