हरभऱ्याच्या जिवाणूंचा पाहुणचार

बदनापूरजवळ जिवाणू खताच्या एका छोट्या कारखान्यात मी तीन वर्षं नोकरी केली. खत म्हणजे हरभऱ्याच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू. शेतकरी पेरणीआधी ते बियाण्याला चोळतात. प्रयोगशाळेत आम्ही दोघंच. एक मी आणि दुसरी नऊ वर्षं रोजंदारीवर असलेली ताई. पदवी माझ्याकडे होती, अक्कल तिच्याकडे; त्यामुळे सही माझी चालायची.

त्या वर्षी तपासणीला एक निवृत्त प्राध्यापक येणार होते. नमुना पास झाला तर ताईला कायम करतो, असं मालकांनी चारचौघांत जाहीर केलं. जाहीर करण्याची त्यांना आवडच होती. स्वागताचा फलक, शाली, निवेदक, सगळं ठरलं. मग त्यांची नजर जिवाणूंकडे गेली.

"यांना खायला काय देता?"

"मॅनिटॉल भरपूर. साखरेसारखंच असतंय ते. आन् यीस्टचा अर्क चिमूटभर," ताई म्हणाली.

"चिमूटभर? पाहुणे येऊन राह्यले आन् घरचे लेकरं अर्धपोटी? अर्क दहापट टाका!"

"साहेब, मंग ते चिकट होत न्हाईत."

"खाल्ल्यानं कुणाचं बिघडलंय?"

अर्क दहापट पडला.

या जिवाणूंचा स्वभाव असा, की साखर मुबलक आणि यीस्टच्या अर्कातून मिळणारं नत्र तुटपुंजं असलं की त्यांची वाढ अडते. मग उरलेल्या साखरेच्या लांब साखळ्या गुंफून ते अंगाभोवती शेंबडासारखा थर चढवतात. नत्र पोटभर मिळालं की साखर वाढण्यातच खर्च होते आणि थराचा उद्योग थंडावतो. म्हणजे अंगावर काही मिरवायला त्यांना थोडी अडचण लागते. माणसांत हे उलटं आहे.

प्राध्यापकांनी शाल घेतली, भाषण सोसलं आणि काचेची थाळी उघडली. आत जिवाणूंच्या कोरड्या, चपट्या वसाहती.

"हे हरभऱ्याचे? मग चकाकी कुठंय? भेसळ दिसते."

निवेदक टाळ्या मागत होता. मालक वळले. "काय करून ठेवलं हे, ताई?"

मी माझे बूट बघत होतो.

"सर, जिवाणू तेच हायेत," ताई प्राध्यापकांना म्हणाली. "जास्त खाऊ घातलं त्यांना. ह्याच थाळीतले उचलून जुन्या मापावर लावते. चार दिवस द्या."

"जास्त घालायला कुणी सांगितलं?"

मालक छताचा पंखा तपासू लागले.

नव्या थाळीवर प्राध्यापकांनी स्वतः सुईनं त्याच जिवाणूंची रेघ ओढली, झाकणावर सही केली आणि पाचव्या दिवशी परत आले. थाळी ठेवलेल्या उबवणपेटीची किल्ली ताईच्या मुठीत होती.

"उघडा की," मालक म्हणाले.

"उघडते, साहेब. आधी कायम केल्याचं पत्र."

"अवो ताई, सर उभे हायेत!"

"बसतील की. खुर्ची हाय."

प्राध्यापक खरोखरच बसले.

ऑफिसातून पत्र टाइप होऊन आलं. ताईनं उभ्याउभ्या वाचलं आणि परत दिलं. "ते 'दोन वर्षं परिवीक्षाधीन' तेवढं खोडा."

प्राध्यापकांनी खिशातलं पेन पुढं केलं. मालकांनी खोडलं. तेव्हा कुठं पेटी उघडली. थाळी उलटी ठेवलेली होती. वसाहतींचा चिकट थर लोंबून झाकणावर उतरला होता. प्राध्यापकांनी सुई टेकवून उचलली, तशी बोटभर तार निघाली.

"पास," ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी ताईनं आठवडाभराची पगारी रजा टाकली, नऊ वर्षांतली पहिली. अर्ज मालकांपुढे ठेवायचं काम माझ्याकडे आलं. या वेळी मी बुटांकडे बघितलं नाही.