हंसाबायची करंदी आणि फुलपाखरं

एडवणच्या हंसाबायच्या मासळीच्या टोपलीपाशी थांबलेलं गिऱ्हाईक कधी रिकाम्या हाती परतत नसे, अशी तिची जीभ. पण सून हेमाली पालघरच्या शाळेत शिक्षिका झाली आणि या फटकळ बाईला भलतीच धास्ती बसली. आपल्या अंगाच्या वासानं पोरीला चारचौघांत मान खाली घालावी लागू नये! शाळेच्या कुठल्याही कार्यक्रमाचं नाव काढलं, की हंसाबायचं डोकं दुखायला लागे.

शिक्षकांची घरच्यांसह फुलपाखरं बघायची सहल निघाली, तेव्हा मात्र हेमाली हट्टाला पेटली. "आई, तुमी नाय तर मीपण नाय."

हंसाबाय दोनदा न्हाली, अर्धा डबा पावडर फासली, आणि एवढं करून निघताना ओल्या करंदीची, म्हणजे बारीक कोलंबीची, पिशवी उचललीच. बस वाणगाववरून जाणार, तिथल्या जुन्या गिऱ्हाइकाला देऊन टाकू! वाणगाव आलं, पण एवढ्या मास्तरांसमोर बस थांबवायची तिला लाज वाटली.

पुढे ओढ्याकाठी सगळे उतरले. तिनं पिशवी गुपचूप एका खडकामागे दडवली. सहल नेणारे दर्पणसर झुडपं धुंडाळून घामाघूम झाले, पण एका नाकतोड्याखेरीज काही सापडेना. मग जरा ऊन पडलं आणि कुणीतरी खडकामागून ओरडलं, "अहो, इकडे या!"

हंसाबाय धावतच तिकडे गेली. पिशवी फुटून करंदीचं पाणी पसरलं होतं आणि त्यावर निळी, पिवळी, तपकिरी फुलपाखरंच फुलपाखरं! सोंडा लावून मजेत पीत होती.

"पिशवी कुणाची?" दर्पणसरांनी विचारलं.

"माजी हाय," ती पुटपुटली. "चुकलं, फेकून देते."

"खबरदार! अहो, त्यांना हे खारट पाणीच तर आवडतं."

पिशवी उचलायला तिनं पुढे केलेल्या हातावर एक निळं फुलपाखरू येऊन बसलं. हंसाबाय श्वास रोखून उभी राहिली. हेमालीनं ते पाहिलं आणि सरळ खाली वाकून दोन्ही तळवे त्या पाण्यात बुडवले.

"अगो, वास जायचा नाय!"

"नाय तर नाय. मला पण पायजे फुलपाखरू."

मग काय, सगळ्यांच्याच बाह्या वर सरकल्या.

सगळे परत बसमध्ये चढताच ड्रायव्हरनं नाक दाबलं. "मच्छी कौन लाया?"

हंसाबायनं मान खाली घातली. हेमालीनं मात्र करंदीचा घमघमता हात उंच केला. "माझ्या सासूबाईंनी आणली," ती ठणकावून म्हणाली. "पुढच्या वेळी अख्खी टोपली आणणार हायत!"

हंसाबायला हसूही आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही.