सड्यावरच्या खुंट्या

खून, दरोडे, दंगली असं बरंच काही माझ्या नोकरीत येऊन गेलं. त्यातलं बरंचसं आता नीट आठवतही नाही. रत्नागिरीतलं खुंट्यांच्या चोरीचं एक फुटकळ प्रकरण मात्र मनातून अजून गेलेलं नाही. ते कधी कुणाला सांगायला बसलो की शेवटपर्यंत सांगून होत नाही, म्हणून आता लिहूनच काढतो.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. मी साताऱ्याकडचा. फौजदार म्हणून रत्नागिरी तालुक्यातल्या एका लहान ठाण्यात बदलून आलो होतो. तिथं गुन्हे कमी आणि अर्ज जास्त. फणसाच्या फांदीवरून, पाणंदीवरून, बांधावरच्या एका काजूवरून माणसं पिढ्यान्‌पिढ्या भांडायची आणि होळीला एकाच पालखीला खांदा द्यायची. सकाळची हजेरी झाली, ठाणे अंमलदारानं स्टेशन डायरी उघडली की पहिला अर्ज हद्दीचाच असणार, हे मी न बघता सांगायचो.

त्या दिवशी मात्र फिर्यादी सरकारी होता. रस्त्याच्या खात्यातला एक तरुण इंजिनिअर घामाघूम होऊन आला. सड्यावरून, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरून, एका गावाला रस्ता यायचा होता. त्यासाठी त्यानं मोजणी करून लाल टोकाच्या लाकडी खुंट्या ठोकल्या होत्या. त्यातल्या काही कुणीतरी उपटून नेल्या. पुन्हा ठोकल्या, पुन्हा गेल्या. गंमत अशी की जायच्या त्या एकाच ठिकाणच्या. सडा संपून उतार लागतो तिथल्या, किंजळीच्या मोठ्या झाडाजवळच्या. मागचापुढचा रस्ता जसाच्या तसा आखलेला राहायचा.

"साहेब, काम असंच अडलं तर यंदाचं मंजूर झालेलं सगळं परत जाईल. मग हा रस्ता कधी होईल ते मी सांगू शकत नाही," तो म्हणाला.

रस्ता गावाला हवा होता, यात शंका नव्हती. आजारी माणसाला डोलीत घालून डांबरी सडकेपर्यंत आणावं लागायचं. अडलेल्या बाया वाटेतच बाळंत व्हायच्या. असं असताना खुंट्या उपटणार कोण? ज्याची जमीन जाते तो. मी विचारलं, तेव्हा सरपंचांची पाच-सहा आंब्याची कलमं रस्त्यात जात असल्याचं कळलं. मला वाटलं, इथंच पाणी मुरतंय.

सरपंचांना ठाण्यावर बोलावलं. पांढरी टोपी, हातात छत्री, पान खाऊन लाल झालेलं तोंड. माझा प्रश्न ऐकून ते खुर्चीत ताठ झाले.

"फौजदार साहेब, कलमांसाठी मी खुंट्या उपटीन? मग ना-हरकत दाखल्यावर सही कशाला केली असती? साताऱ्याकडे असं करत असतील, आमच्याकडे नाही करत."

"कसला दाखला?"

"इंजिनिअर साहेबांच्या ऑफिसातून कागद आला होता. रस्त्याच्या रेषेत देऊळ, विहीर, स्मशान काही आहे का म्हणून. ग्रामसभेत वाचून दाखवला. सगळे नाही म्हणाले. आमचं स्मशान नदीवर आहे."

"नकाशा बघितला होता का?"

"नकाशा कोण दाखवतोय आम्हाला? तो त्यांच्या कपाटात. आम्हाला नुसता कागद."

ते खरं बोलत होते. खोटं बोलणारा माणूस इतका चिडत नाही, तो समजूत घालतो, हा माझा अनुभव आहे. मी त्यांना चहा पाजून सोडलं.

खबर दिली ती मासे विकणाऱ्या एका बाईनं. ती किनाऱ्यावरून पाटी घेऊन सडा ओलांडून त्या गावात जायची. ठाण्याच्या दारात आमच्या हवालदारांशी बांगड्याच्या भावावरून घासाघीस करता करता म्हणाली, "त्या खुंट्या चोरीला नाय गेल्यात हो. करवंदीच्या जाळीत नीट रचून ठेवल्यान हायत. मी रोज बगतंय."

आम्ही जाऊन पाहिलं. खरंच, सगळ्या खुंट्या एकावर एक रचलेल्या. एकही मोडलेली नाही, कुणी चुलीत घातलेली नाही. त्या गावात लाकूडफाटा डोंगरातून डोक्यावर आणावा लागतो, तिथं हे मला फार चमत्कारिक वाटलं. या चोराला खुंट्यांशी काही देणंघेणंच नव्हतं, त्या तिथं नकोत एवढंच त्याचं म्हणणं होतं.

इंजिनिअरला पुन्हा खुंट्या ठोकायला सांगितल्या आणि साध्या कपड्यांतला एक शिपाई जाळीआड बसवला. उजाडताच चोर सापडला. साठीची बाई. काष्टी नेसलेली, हातात कोयती, आणि त्या कोयतीनं ती खुंटीच्या बाजूची माती उकरत होती. शिपाई समोर आला तर पळाली नाही. हातातली खुंटी जाळीत ठेवली आणि मगच त्याच्याबरोबर निघाली.

सरकारनं रोवलेली खूण हलवणं हा कायद्यानं गुन्हा आहे. तिला शिक्षा होऊ शकत होती. मी तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं.

"मावशी, खुंट्या तुम्हीच उपटल्या ना?"

"व्हय."

"कुणी सांगितलं?"

"मना कोन सांगनार? घरात मी येकटी. घोव गेला, झील मुंबयला." म्हणजे नवरा वारलेला, मुलगा मुंबईत.

"मग का उपटल्या?"

मी समजावून विचारलं, दरडावून विचारलं, कोर्टाची भीती घातली. अट्टल गुन्हेगार माझ्यापुढे बोलते झाले होते, पण या बाईच्या तोंडाला कुलूप. शेवटी एवढंच म्हणाली, "रस्ता होऊ दे. मना पन पायजे. पन तितनं नको."

मला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. तिच्या बसण्यात चोरट्यासारखं काही नव्हतं, घरातलं माणूस दवाखान्यात ठेवून आलेली बाई बसते तशी ती बसली होती.

पंचनाम्यासाठी तिला घेऊन जागेवर गेलो. दोन पंच, हवालदार, इंजिनिअर आणि मी. कडक ऊन होतं. सडाभर वाळलेलं गवत, आणि उताराला किंजळीखाली थोडी माती साचलेली. तिथं जांभ्याचे लहान लहान दगड इतस्ततः पडलेले होते, जसे सड्यावर कुठंही असतात. बाईनं झाडापाशी येताच पायातल्या वहाणा काढल्या. हवालदार टेप धरून मागे सरकत होते. त्यांचा पाय एका दगडावर पडणार तोच ती ओरडली.

"बाबा, तितं पाय नको देऊस!"

हवालदार जागच्या जागी थांबले. मी त्या दगडांकडे पुन्हा पाहिलं. आता ते इतस्ततः दिसेनात. ते कुणीतरी मुद्दाम ठेवलेले होते. आमच्याकडेही दात न आलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात, आणि कोल्ह्यानं उकरू नये म्हणून वर दगड ठेवतात.

मी खाली बसलो आणि हळूच विचारलं, "मावशी, मुलगा होता का मुलगी?"

तिचा चेहरा एकदम सुटला. "चेडू व्हती. लय गोरी. घोवानं पदराखालनं काडून नेलान न् मना जागा दाकवलान नाय. बाईमानसानं येवचा नाय ना हितं. मरताना सांगितलान, किंजळीच्या मुळात, वरच्या अंगाला. तवापासना येतंय. सायबानू, तिच्यावरनं गाड्या जातील ना वो?"

इंजिनिअर तरुण होता, त्याच्या घरी नुकतंच मूल झालं होतं. तो पाठ फिरवून किंजळीकडे बघत उभा राहिला.

मग मला त्या दाखल्याचा उलगडा झाला. सरकारी कागदानं विचारलं, स्मशान आहे का. गाव म्हणालं, नाही, आणि ते खोटं नव्हतं. या जागेला तिथं कुणी स्मशान म्हणतच नाही. तिला काहीच म्हणत नाहीत. तिचं नाव काढायचं नाही, तिकडं बघायचं नाही, रडायचंही नाही, अशी रीत. बाप एकटा जाऊन ठेवून येतो आणि घरी येऊन कामाला लागतो. ग्रामसभेत हे बोलणार कोण? शिवाय रेषा नेमकी कुठून जाते, हे नकाशा न बघता त्यांना कळणार तरी कसं! ज्यांच्याकडे नकाशा होता त्यांना जागा माहीत नव्हती, आणि ज्यांना जागा माहीत होती त्यांनी नकाशा कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता.

इंजिनिअर म्हणाला, "साहेब, माझी रेषा सरकवायला हरकत नाही. पण वरचे विचारतील, नकाशावर काय आहे तिथं? काहीच नाही. आणि मूळ नकाशा गावात न्यायची मला परवानगी नाही."

"तुम्हाला नसेल, मला आहे," मी म्हणालो. तपासाच्या कामी कुठलंही कागदपत्र मागवायचा अधिकार तपास अधिकाऱ्याला असतो. ठाण्यात परत आल्या आल्या मी त्यांच्या कार्यालयाला पत्र लिहिलं, गुन्ह्याच्या जागेची खातरजमा करणे असल्याने नकाशा घेऊन समक्ष हजर राहावे. साहेब लोकांनी कुरकुर केली, पण इंजिनिअर नकाशाची गुंडाळी काखेत मारून आला.

ग्रामदेवतेच्या देवळाच्या मंडपात आम्ही नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर चार नारळ ठेवले. सगळा गाव जमला. बाया नेहमीप्रमाणे बाहेर, खांबांच्या आडोशाला. इंजिनिअरनं गावची शाळा, विहीर, सरपंचांची बाग असं एकेक बोट ठेवून दाखवलं, तशी माणसं खुलली. आपलं घर शोधायला गुडघ्यांवर बसली. मग त्यानं लाल रेषेवरून बोट आणलं आणि म्हणाला, "ही किंजळ."

गुडघ्यांवर बसलेली माणसं मागे सरकली.

मी म्हणालो, "एका मावशींनी मला सांगितलंय. इथं अजून कुणाचं काही असेल तर आज सांगा. नंतर बुलडोझर ऐकून घेणार नाही."

माणसं एकमेकांची नजर चुकवू लागली. प्रत्येकाला वाटत असावं, आपलं एकट्याचंच. मग सरपंच उठले. माझ्या ठाण्यात ताठ बसलेला तो माणूस नकाशाजवळ येऊन ओणवा झाला, देवापुढचं एक तांबडं फूल उचललं आणि किंजळीच्या खालच्या अंगाला ठेवलं. म्हणाले, "आमचा पहिला." बाहेर खांबाआड त्यांच्या बायकोनं तोंडात पदर कोंबला. इतक्या वर्षांत त्यांनी तिला जागा सांगितली नव्हती. तिला ती त्या क्षणी कळली.

मग एकेक पुरुष उठत गेला. फुलं कमी पडली तेव्हा कुणी तांदूळ ठेवले. शेवटी नकाशावरचा किंजळीचा तेवढा भाग दिसेनासा झाला.

रेषा सरकली. रस्ता किंजळीला वळसा घालून गेला आणि सरपंचांची आणखी काही कलमं गेली, त्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. गुन्ह्यात चोरीचा हेतू आढळत नसल्याचा अहवाल पाठवला आणि कोर्टानं प्रकरण मिटवलं. सुधारलेल्या नकाशाची एक प्रत ग्रामपंचायतीला द्यायलाच हवी, असं मी त्या अहवालात जरा जोरातच लिहिलं, आणि ती दिली गेली.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. पुढे नोकरीभर कुणी "नाही" म्हणालं की मी लगेच त्याला खोटा ठरवला नाही. प्रश्न आपण कोणत्या शब्दांत विचारला आणि कुणासमोर विचारला, ते आधी तपासलं. त्यानं माझे कितीतरी तपास सोपे झाले, आणि काही माणसं विनाकारण मार खायची वाचली.

नकाशाची प्रत द्यायला इंजिनिअर आला त्या दिवशी मी पंचायतीत होतो. मावशीही येऊन उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्यानं किंजळीभोवती ठिपक्यांचं एक वर्तुळ काढलं होतं. पण शेजारची जागा कोरी होती.

"इथं नाव लिहावं लागतं," तो म्हणाला. "गावात या जागेला काय म्हणतात?"

सरपंचांनी ग्रामसेवकाकडे पाहिलं, ग्रामसेवकानं माझ्याकडे. तेव्हा मावशीच बोलल्या.

"लिवा, पोरांचा आंगण."

त्यानं पेन काढलं आणि सुवाच्य अक्षरात तसंच लिहिलं. मावशींना वाचता येत नव्हतं. त्या उठून टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "वाचून दाकव." त्यानं वाचलं. त्यांनी त्या ओल्या अक्षरांकडे बघून डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आजून येकदा वाच, बाबा."