राजघाटाची हवा

अकरावीला वायूंचे नियम शिकवायचे दिवस आले की माझं चित्त फळ्यावर राहत नाही. दाब, तापमान, आकारमान असं हात लिहीत असतो आणि डोळ्यांपुढे असते एक काळी ट्यूब. केळीच्या ट्रकची, टाकून दिलेली, ठिगळं लावलेली.

बाबा कागद कारखान्यात कामाला होते. खानदेशातून पोटासाठी बुऱ्हाणपुरात आलेलं आमचं घर. इतवाऱ्यातल्या दोन खोल्यांत आम्ही तिघी बहिणी वाढलो. उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी बाबा ट्यूब खांद्याला अडकवून आम्हाला राजघाटावर पोहायला न्यायचे. पोहणं कसलं, ट्यूबला लोंबकळून तापी घुसळणं!

पहिल्याच वर्षी फजिती झाली. घरून फुगवून नेलेली ट्यूब गार पाण्यात जाताच ढिली पडली. पंक्चर झालं समजून बाबांनी पंपाने आणखी हवा भरली. आम्ही मनसोक्त डुंबलो आणि मग ट्यूब तापल्या फरशीवर टाकून चिवडा खायला बसलो. बार उडावा तसा आवाज झाला. कपडे धुणाऱ्या बायांनी आमच्या घराण्याचा उद्धार केला. उष्णता मिळाली की हवेचे कण जोरात धावतात, भिंतींवर जास्त आदळतात, हे मला पुढे कॉलेजात कळलं. बाबांनी त्या दिवशीच कानाला खडा लावला.

दुसरी ट्यूब आली आणि नेम ठरला. पाण्याबाहेर आलं की ट्यूब खाली ठेवण्याआधी थोडी हवा सोडायची. बाबा ओरडायचे, "लाईन लावा!" आम्ही ओल्या फ्रॉकांनी रांगेत. ते ट्यूबच्या तोंडाचा वाल अंगठ्याने दाबायचे आणि सूं करून थंडगार हवा तोंडावर यायची. दाबातून सुटलेली हवा बाहेरच्या हवेला ढकलत पसरते, त्यात तिची उष्णता खर्च होते, म्हणून ती गार लागते. आम्हाला काय त्याचं! मी धाकटी, म्हणून मला दोनदा मिळायची.

बहिणी लग्न होऊन गेल्या, आई वारली, बाबांजवळ मी राहिले. हल्ली त्यांच्या छातीचा भाता झालाय. नाकाला नळी, पलंगाशी प्राणवायूचं सिलिंडर. घाटाच्या पायऱ्यांना डॉक्टरांनी साफ नाही म्हटलंय. आणि बाबांचं एकच पालुपद, "मले एक डाव राजघाटले ने. पानी नको, फक्त हवा खाईन."

मी चिडते. "हवाच तर लावलीय ना नाकाला!" म्हणते, आणि स्वयंपाकघरात जाऊन रडते. मलाही न्यायचंय त्यांना. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून आमच्यावर ओरडणारे बाबा मला परत हवे आहेत, हे कुणाला सांगू?

पुस्तकातल्या आदर्श वायूच्या कणांना एकमेकांविषयी काहीच वाटत नाही. टक्कर झाली की आपापल्या वाटेने निघून जातात. मुलांना बरं वाटतं, गणित सोपं होतं. मला मात्र त्या कणांचा राग येतो.

या वर्षी धडा संपला त्या रविवारी मी माळ्यावरची ट्यूब काढली, पंक्चरवाल्याकडून जोडून घेतली, त्याचाच पंप मागून राजघाट गाठला. काठावर बसून ती फुगवली. हाताचे तुकडे पडले. ऊन चढलं होतं, म्हणून तापीत भिजवलेल्या चादरीत गुंडाळून ऑटोत ठेवली.

"मॅडम, इसमें क्या है?" ऑटोवाल्याने विचारलं.

"हवा."

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि गिअर टाकला.

घरी येऊन ट्यूब बाबांच्या मांडीवर ठेवली. "राजघाटची हवा आहे बाबा. तिथंच भरली."

त्यांनी रबरावरून हात फिरवला, ठिगळ चाचपलं, वाल शोधला. अंगठ्यात जोर नव्हता. मी मदतीला हात पुढे केला तर झटकून टाकला. इतक्या दिवसांचा ध्यास, आता वाल नाकाशी नेतील असं मला वाटलं. त्यांनी तो माझ्याकडे वळवला आणि धापा टाकत म्हणाले, "लाईन लाव."

रांगेत मी एकटीच होते. पलंगाशी गुडघे टेकून मी तोंड पुढे केलं, आणि बाबांनी मला दोनदा दिली.