नाव न घेतलेलं घर

नाव : नामुबांगा, म्हणजे मुबांगाची आई (स्वतःचं नाव सांगण्यास नकार). लिंग : स्त्री. वय : अंदाजे पन्नास. जमात : बेंबा. वैवाहिक स्थिती : विधवा. शिक्षण : नाही. व्यवसाय : नाही. खाणीच्या वस्तीत राहण्याचं कारण : मुलगा खाणीत कामाला होता, सध्या लष्करात, ब्रह्मदेश आघाडीवर. वर्तन : समाधानकारक. शेरा : सार्वजनिक रेडिओची नियमित श्रोती.

वस्तीच्या कल्याण केंद्राचा कारकून काओमा याने हे वर्णन तिच्या दारात उभ्या उभ्या उतरवलं होतं, आणि त्याच्या परीने त्यात खोटं काही नव्हतं. व्यवसायापुढे त्याने 'नाही' लिहिलं, कारण तिला पगार नव्हता. ती नाचिम्बुसा होती. मुली वयात आल्या की त्यांना घरात बसवून, मातीची चित्रं हातात देऊन, संसार कसा करायचा, कुणासमोर गुडघे टेकायचे, कुणाच्या वाटेतून बाजूला व्हायचं, हे सगळं ती शिकवायची. काओमाची बायको तिच्याच हाताखालून गेलेली. रोज सकाळी त्याला अंघोळीचं पाणी ऊन मिळे ते नामुबांगाच्या कृपेने, पण त्यासाठी वेगळा रकाना नव्हता.

रेडिओची गोष्ट जरा अवघड होती. केंद्राच्या दारात एका उंच खांबावर कर्णा बसवला होता, आणि आठवड्यातून एकदा, गुरुवारी, सूर्य खाणीच्या धुराड्यामागे उतरला की त्यातून आधी ढोल वाजायचा आणि मग राजधानीतून, लुसाकाहून, बेंबा भाषेत लढाईवरच्या पोरांचे निरोप यायचे. अमुक गावचा अमुक, खुशाल आहे, आईला आणि मामाला नमस्कार सांगतो, बायकोने शेळी विकू नये. सगळी वस्ती कर्ण्याखाली जमायची. कर्ण्याकडे बघून लोक उत्तरंही द्यायचे. एक म्हातारी तर दर वेळी मुलाला, पाय कोरडे ठेव, म्हणून ओरडून सांगायची.

हे निरोप वाचणारा आवाज लोंबेचा होता, आणि लोंबे हा नामुबांगाचा जावई.

लग्नानंतर सासूने जावयाला रीतसर 'आत घेईपर्यंत' त्या दोघांनी समोरासमोर यायचं नसतं. तो दिसला की तिने वाट सोडायची, ती दिसली की त्याने पाठ फिरवायची, आणि तिचं नाव तर त्याच्या तोंडून चुकूनही येता कामा नये. आत घ्यायचं म्हणजे सासूने कोंबडी, शेंगा, सुकी मासळी, नाचणीच्या पिठाचा घट्ट उब्वाली असं सगळं रांधून त्याला सन्मानाने जेवू घालायचं. मग तो घरचा. लोंबेचं हे राहून गेलं होतं. तो लुसाकाला नोकरीला लागला, इकडे मुबांगा पलटणीत गेला, आणि नामुबांगाने सांगून टाकलं, "मुबांगा येऊ दे. घरात मुलगा नसताना जावई आत घेऊ? चुलीपाशी मी आणि कोंबडी, दोघीच?"

तर कर्ण्यातून पहिल्यांदा लोंबेचा आवाज आला तेव्हा नामुबांगा सवयीने उठली, डोक्यावरून कापड ओढलं आणि पाठ फिरवून चालू लागली. लोक हसले. वस्तीतला जाणता माणूस शिकासोंदे तिच्या मागे गेला.

"आई, तो लुसाकाला आहे. इथे नुसता लोखंडी कर्णा आहे."

"बोलतंय कोण?"

"बोलतोय लोंबे. पण दिसत नाही ना. जो दिसत नाही तो भेटला असं कसं म्हणायचं?"

"तुझी सासू कुडाच्या पलीकडे खोकली की तू काय करतोस?"

शिकासोंदेची सासू खोकली की तो काय करतो हे सगळ्या रांगेला माहीत होतं.

"मी ह्या वस्तीतल्या पोरींना काय शिकवलंय?" ती म्हणाली. "आज मी इथे बसले तर उद्या प्रत्येक जण सासूशी कर्ण्यातून बोलेल."

घरी जाणं मात्र तिला जमणारं नव्हतं. त्या आवाजात कधीतरी मुबांगाचं नाव येणार होतं. तिने घरांच्या रांगा ओलांडायला सुरुवात केली, आणि जिथे आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाहीत अशा जागी, तिसऱ्या रांगेच्या कोपऱ्यावर, स्टूल टाकून बसली. काओमाने ते लांबून पाहिलं आणि श्रोत्यांत तिची गणना केली.

शब्द आणून द्यायचं काम जेरेने पत्करलं. जेरे हा खाणीच्या फाटकावरचा म्हातारा पहारेकरी, जातीचा अंगोनी. अंगोनी आणि बेंबा आजोबांच्या काळात भाल्यांनी लढले. गोऱ्यांनी भाले काढून घेतल्यावर दोघांकडे शिव्या तेवढ्या उरल्या. अंगोन्याने बेंबाला वाटेल ते बोलावं, बेंबाने परत बोलावं, रागावेल तो हलका. आणि एकाच्या घरी मयत झालं की दुसऱ्याने येऊन तिथेही टिंगल करायची, कारण सोयऱ्यांना रडण्यातून सवड नसते आणि कुणालातरी कुदळ हातात घ्यावी लागते.

"ए माकडखाऊ!" जेरे दोन घरं अलीकडूनच सुरू व्हायचा. "उठ, तुझ्या पोराचा निरोप आलाय."

"आधी तोंड पूस, उंदीरखाऊ. मिशीला शेपूट चिकटलंय."

"खुशाल आहे म्हणे. जपान्यांनी त्याचा चेहरा पाहिला आणि पळाले."

"शब्द सांग. तुझे घालू नकोस."

"'दुसऱ्या तुकडीतला मुबांगा खुशाल आहे. आईला नमस्कार सांगतो.'"

"नुसतं 'आईला'?"

"नुसतं 'आईला'. बाकी सगळ्या आयांची नावं घेतो तुझा जावई. ह्याची आई, त्याची आई, अमक्या गावची. तुझ्यापाशी आला की घास अडकल्यासारखा थांबतो आणि नाव गिळतो. सगळी माणसं हसतात."

"हसू दे." पण ती खूश झालेली दिसे. पोरीला तिने नीट घरात दिलं होतं.

असं पावसाळाभर चाललं. मग दोन वेळा मुबांगाचा निरोप आला नाही. जेरे म्हणाला, शाई संपली असेल. मग म्हणाला, माकडखाऊंच्या पोराला एवढं लिहिता येतं हेच नवल. नामुबांगाने त्याला उलट शिवी दिली, पण जरा उशिरा.

त्या गुरुवारी ती ढोल वाजायच्या आधीच कोपऱ्यावर येऊन बसली होती. संध्याकाळच्या चुली पेटल्या होत्या, सगळीकडे ओल्या लाकडाचा धूर. ढोल वाजला. लोंबेचा आवाज आला, नेहमीसारखा, भिंतीपलीकडे कुणी धान्य ओतावं तसा. ती ऐकत राहिली. शब्द कळत नव्हते तरी चाल तिला पाठ होती : नाव, गाव, खुशाल, नमस्कार, नाव, गाव, खुशाल, नमस्कार. मध्येच चाल मोडली. आवाज थांबला. बराच वेळ थांबला. मग एकच छोटं वाक्य आलं, आणि लगेच शेवटचा ढोल.

कर्ण्याखाली कुणी हललं नाही. एरवी ढोल संपायच्या आत माणसं भांडायला लागत, माझ्या भाच्याचं नाव का नाही म्हणून. आज शिकासोंदेने डोक्यावरची टोपी काढली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी जेरेकडे.

"तुम्ही जा," जेरे शिकासोंदेला म्हणाला. "तुम्ही तिचे लोक आहात."

"म्हणूनच आम्हाला जाता येत नाही. हे तुझं काम आहे, म्हाताऱ्या."

नामुबांगाने त्याला येताना पाहिलं. तो दोन घरं अलीकडे आला, काही बोलला नाही. एका घरावर आला, तरी नाही. समोर येऊन त्याने काठी खाली ठेवली आणि म्हणाला, "आई."

त्या तोंडातून हा शब्द तिने कधी ऐकला नव्हता.

"घसा बसला का, उंदीरखाऊ?"

"आई, जावई म्हणाला..."

"त्याचे शब्द सांग. तुझे घालू नकोस."

जेरेने शब्द सांगितले. "म्हणाला, 'त्या घरची चूल विझवा.'"

चूल विझवायची ती घरातलं माणूस गेल्यावर. जुनी राख बाहेर टाकतात, आणि सुतक फिटलं की नवा विस्तव करतात. हे तिला सांगायची कुणाला गरज नव्हती. तिनेच दोन पिढ्यांना सांगितलेलं होतं.

"कुठल्या घरची?"

"नाव घेतलं नाही."

"गाव?"

"नाही."

"थांबला होता?"

"थांबला होता. घास अडकल्यासारखा."

नामुबांगाने मान हलवली. वस्तीतल्या कुठल्याही घराचं नाव लोंबेला घेता आलं असतं, एक सोडून.

ती उठली नाही. हात मांडीवर होते ते तिथेच राहिले. पहिल्या रांगेतून एका बाईचा हंबरडा आला, मग दुसरीचा, आणि ते रडणं रांगेरांगेने तिच्याकडे येऊ लागलं. ते पोचायच्या आत तिने जेरेकडे पाहिलं.

"उभा काय? तुझं काम कर."

"आज नको, आई."

"आई म्हणू नकोस मला. मी तुझी आई नाही. मयताच्या घरी अंगोनी मुका उभा राहिला असं मी कुणाच्या तोंडून ऐकणार नाही. बोल."

जेरेने काठी उचलली. तिचं टोक जमिनीत रोवलं आणि घोगऱ्या आवाजात सुरुवात केली. "माकडखाऊ! एक पोरगा होता तुमच्याकडे, तोही सांभाळता आला नाही. एवढ्या लांब नेऊन ठेवलात. आता त्याला पुरायला मी पोहत जाऊ? अंगोन्यांना पोहता येत नाही, माहीत आहे ना?" त्याने काठी उपटून पुन्हा रोवली. "कुदळ घेऊन कुठे जाऊ मी, सांग ना? कुठे जाऊ?"

ती हसली नाही. पण हसणं तिचं काम नव्हतं. त्याचं त्याने केलं होतं.

मग ती घरी गेली, चुलीत पाणी ओतलं आणि राख आपल्या हाताने दाराबाहेर टाकली. शेजारणींनी आपापल्या चुली विझवल्या. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत बेंबांच्या घरांत त्या संध्याकाळी विस्तव राहिला नाही. केस उतरवले, रडणं झालं, पुरायला काही नव्हतं ते तसंच राहिलं.

लोंबे पोचला तो खाणीच्या लॉरीने, अंगावर धुळीचा थर घेऊन. रस्त्यावर उभा राहून त्याने पाठ फिरवली. मुबांगाच्याच तुकडीतल्या एकाने आपल्या निरोपात ती बातमी लिहिली होती. पण वाईट बातमी रेडिओवरून सांगायची नाही, ती जिल्हा कचेरीमार्फत जाईल, असा नियम होता, म्हणून वरच्या साहेबाने ती ओळ खोडली. खोडलेल्या ओळीच्या जागी लोंबेने आपली एक ओळ वाचली. हे त्याने शिकासोंदेला सांगितलं, सासूच्या घराकडे पाठ करूनच.

सुतक फिटल्यावर नामुबांगाने नवा विस्तव केला, कोंबडी कापली, शेंगा कुटल्या, उब्वाली घोटली आणि जावयाला आत घेतलं. वाढायला मुलगा नव्हता. वाढलं शिकासोंदेने. लोंबेने खाली मान घालून जेवण संपवलं. आता दोघांना बोलायची मोकळीक होती. ती म्हणाली, "अजून घे." तो म्हणाला, "पुरे, आई." तेवढंच झालं.

कल्याण अधिकाऱ्याला बेंबा भाषा जुजबी येत असे. त्या महिन्याच्या अहवालात त्याने लिहिलं की रेडिओवरून चुलींच्या आगीबाबत दिलेल्या सूचनेचं वस्तीने तत्काळ आणि एकमताने पालन केलं, एकाही घराला ताकीद द्यावी लागली नाही, आणि सार्वजनिक सुरक्षिततेच्या दृष्टीने हे माध्यम अत्यंत परिणामकारक असल्याचं यावरून सिद्ध होतं.

मुबांगा मरण पावल्याचं कळवणारा सरकारी कागद घेऊन जिल्हा कचेरीचा शिपाई सायकलवरून आला, तेव्हा नामुबांगाचे केस चिमटीत धरण्याइतके वाढले होते.