शिडाच्या डोंग्यावर बसायची सोय

कारध्यापासून पवनीपर्यंत त्या काळी वैनगंगेवर शीड लावलेला डोंगा एकच होता आणि तो माझा होता. सत्तरच्या दशकातली गोष्ट. शीड म्हणजे काय, तर धानाची रिकामी पोती उसवून, एकाला एक जोडून शिवलेली आणि बांबूला बांधलेली. पण वारा भरला की ते असं फुगायचं की काठावर रवंथ करत बसलेल्या म्हशी उठून उभ्या राहायच्या. एकदा तर मी पवनीच्या घाटाला इतक्या वेगानं लागलो की माझी सावली तासाभरानं मागून आली. हे पटत नसेल तर सोडून द्या. पुढचं मात्र खरं धरा, कारण त्यात माझी फजिती आहे, आणि स्वतःची फजिती मी नेहमी कमीच करून सांगतो.

आमचं घर मासे धरणाऱ्यांचं. पावसाळ्याचं पाणी ओसरलं की मी आणि बायको चार-पाच दिवसांसाठी डोंग्यावर मुक्कामाला निघायचो. वाटेतल्या डोहांत जाळी टाकत पवनीला जायचं, बाजारात मासे विकायचे आणि वारा लागला तर शिडावर, नाही लागला तर बांबूनं रेटत परत यायचं. जाळं टाकायचं काम माझं. कुठं टाकायचं हे ठरवायचं काम तिचं. पाण्याच्या रंगाकडे नुसतं बघून ती बोट दाखवायची आणि तिथंच जाळं जड व्हायचं. लोकांना मी हे उलटं करून सांगत असे, ती गोष्ट वेगळी.

त्या वर्षी धान लावायच्या, रोवणीच्या दिवसांत ती बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे धानाच्या शेताच्या बांधावरून, घसरली आणि गुडघ्यातून पाय गेला. भंडाऱ्याला नेऊन प्लास्टर घातलं. प्लास्टर निघालं तेव्हा हाड जुळलं होतं, पण गुडघा वाकायला तयार नव्हता. काठी धरून चालता यायचं, उकिडवं बसता यायचं नाही. घरी मी एका लाकडी खुर्चीचं बूड कापलं, परसात खड्डा करून त्यावर ती ठेवली आणि भागलं. पण नदीवर काय करायचं? नदीवर आम्ही सकाळी डोंगा काठाला लावायचो आणि वर चढून पळसांमागं जायचो. दिवाळीच्या सुमाराला वैनगंगेचा काठ कसा असतो ते ज्यानं पाहिलं त्यालाच माहीत. दोन ताडांइतका उंच, आणि वरून खालपर्यंत लोण्यानं सारवलेला.

म्हणून ती घरी राहिली आणि मी साळ्याला, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला, घेऊन निघालो. पाच दिवसांनी टोपलीत मूठभर झिंगे आणि दोन चिमुकल्या मासोळ्या घेऊन परतलो. तिनं टोपली हलवून पाहिली.

"येवढंच?"

"नदीत मासोळ्याच नाई यंदा."

"नदीत हायेत. तुमाले दिसत नाई." मग काठी भिंतीला टेकवून म्हणाली, "अवो, मी घरी बसून बसून लोणचं होऊन रायली. मले डोंग्यावर घेऊन चला. नाई तं एकदा तोंडानं सांगून टाका, का आता तुले नदी नाई म्हणून."

हे मी सांगू शकलो नाही. मोठमोठ्या थापा ज्या तोंडातून सहज निघतात, त्यातून एवढं एक खरं वाक्य निघेना. तिला नदीवर परत न्यायचं, आणि मध्ये आडवी काय, तर सकाळची बैठक! लोकांच्या वाटेत डोंगर येतात, वाघ येतात. माझ्या वाटेत हे आलं.

पहिला उपाय मला माझ्या खांद्यांनी सुचवला. तिला पाठीवर घेऊन काठ चढायचा. घाटाच्या बाजूला करून पाहिलं. निम्म्यापर्यंत मी बैलासारखा चढलो. तिथून घसरलो ते पोटावर, आणि ती माझ्या पाठीवर मांड ठोकून, असे दोघं डोंगा ओलांडून थेट पाण्यात गेलो. मला तर वाटतं मधल्या धारेपर्यंत गेलो.

"आता माहा दुसराबी पाय मोडा," ती पाण्यात उभी राहून म्हणाली, "म्हंजे जोडी जमते."

दुसरा उपाय बादली. डोंग्यात बादली ठेवली, त्यात पाणी भरलं आणि शीड सोडलं. वाऱ्याचा एक झोत आला, डोंगा कलला आणि सगळी बादली माझ्या अंथरुणावर. त्यात नुसतं पाणी होतं म्हणून आज मी मान वर करून हे लिहितो आहे.

तिसऱ्या उपायावर मी स्वतःच खूश होतो. डोंग्याच्या मागच्या टोकाला बाहेर काढलेली फळी, फळीला भोक, खाली वाहती नदी. तिला दाखवली. तिचा चेहरा असा झाला की मी फळीपुढं आडवा उभा राहिलो. आमच्यात डोंग्यावरून कोणी पाण्यात थुंकत नाही. नवा डोंगा पाण्यात लोटताना त्याला कुंकू लावतो, नारळ फोडतो, आणि चपला काठावर काढून मगच पाय आत ठेवतो. डोंग्याच्या कडेचंच पाणी ओंजळीनं प्यायचं, त्यातच भात शिजवायचा.

"तुमी इतके वर्स नदीचं खाल्लं," ती म्हणाली, "आन् आता तिले हे वाढता?"

फळी मी त्याच दिवशी न्हाणीच्या चुलीत घातली. जळेपर्यंत तिच्याकडे बघत बसलो आणि स्वतःला शिव्या दिल्या.

चौथा उपाय मांजरानं दिला. आमचं मांजर चुलीतल्या राखेच्या ढिगात जायचं, काम उरकायचं, पायानं राख ओढून झाकायचं, आणि बाहेर येऊन पंचासारखं बसायचं. ना वास ना काही. मनात म्हटलं, शेणाचं आणि पालापाचोळ्याचं खड्ड्यात खत होतं, तर माणसाचं का होणार नाही? एक पेटी करायची, वर बसायला भोक आणि झाकण, आत पत्र्याचा डबा. बसून झालं की वरून कोरडं टाकायचं. डबा भरला की काठावरच्या खड्ड्यात रिकामा करून मातीनं झाकायचा.

सुताराकडे गेलो. खरं सांगायची लाज वाटली.

"पेटी पायजे. मासोळ्या ठेवाले."

"मंग वरतून हे गोल भोक कायले?"

"मासोळीले हवा नाई लागत का?"

सुतारानं माझ्याकडे पाहिलं, मग मापाच्या दोरीकडे पाहिलं. "येवढी हवा? आन् भोकाची कोर घासून गुळगुळीत करू म्हणता. मासोळी बसते का त्याच्यावर, बाप्पा?"

संध्याकाळपर्यंत सगळ्या कारध्याला कळलं. मी रस्त्यानं निघालो की लोक विचारायचे, "काय गा, मासोळी बसली का?" मी घरी येऊन मांजरावर राग काढायचो.

बायकोनं मात्र पेटी नीट पाहिली. उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली, वर बसून पाहिली. म्हणाली, "राईस मिलमधून तूस आना. आन् चुलीची राख. पण पयले तुमी चार दिवस बसा याच्यावर. माहा भाऊ संग राहीन. थो खोटं बोलत नाई."

"मी बोलतो का?"

"तुमी बोलाले लागले का खरं बिचारं उठून बाहेर जाते."

मी मिलमध्ये गेलो. मागच्या अंगणात तुसाचा डोंगर पडलेला. तूस म्हणजे धानाचं वरचं टरफल, खरखरीत, टोचणारं, कोणीही यावं आणि पोतं भरून न्यावं असं. आणि मी मासे धरणारा माणूस. माझ्या घरी कोंड्याची पोती कायमची भरलेली. कोंडा म्हणजे तांदूळ पांढरा करताना निघणारी मऊ, पिठूळ भुकटी. त्याचे गोळे करून आम्ही पाण्यात टाकतो, वासानं मासे येतात. मला वाटलं, मासोळीला मी उंची माल चारतो आणि बायकोच्या पेटीत उकिरड्यावरचं टोचरं तूस घालू? माझा जीव एवढा का लहान आहे? दोन पोती कोंडा मी डोंग्यात चढवला आणि राख घरीच विसरलो.

पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी पेटी तापली. त्यावर चहा ठेवला असता तर उकळला असता. ओला झालेला कोंडा फुगला, आंबला, आणि असा वास सुटला की काठावरचे बगळे पाठ फिरवून बसले. मग माश्या आल्या. भंडाऱ्याच्या आल्या, तुमसरच्या आल्या, बपेऱ्याकडून हद्द ओलांडून मध्य प्रदेशातल्याही आल्या. साळा दिवसभर पंचा फिरवत होता.

तिसऱ्या दिवशी वारा भरला. साळा नेमका तेव्हा पेटीवर होता. डोंगा कलला आणि पेटी साळ्यासकट या कडेहून त्या कडेला गेली, तिथून परत या कडेला आली. तो दोन्ही हातांनी झाकण धरून ओरडत होता, "भाऊजी, शीड पाडा! भाऊजी, मी उतरू कसा?" मी शीड पाडलं तोवर आतला डबा कलंडला होता, पेटीचा सांधा उकलला होता आणि आतलं कडेवरून नदीत झिरपत होतं.

आणि मासे आले! महिनाभर ज्यांचं तोंड दिसलं नव्हतं ते सगळे. रोहू, कतला, हाताएवढे, मांडीएवढे, डोंग्यामागं लग्नाच्या वरातीसारखे. पाणी नुसतं शिजत होतं. जाळं माझ्या हातात. एक झटका दिला असता तर घर भरलं असतं.

"बाईले सांगीन," साळा म्हणाला. बाई म्हणजे त्याची थोरली बहीण, माझी बायको.

"अबे, पण पाह्य तं खरं किती हायेत!"

"काय खाऊन आले थे पन पाहा."

मी जाळं खाली ठेवलं. उभ्या जन्मात इतका संताप मला कधी आला नाही, आणि तो कोणावर काढायचा हेही कळेना. पुढ्यात पाणी भरून मासे, आणि मी हात बांधून उभा. नदीत पडलं ते पडलंच, तेही मनाला लागलं होतं. दोघांनी मिळून पेटी फडक्यांनी बांधली, काठावर नेली, खोल खड्डा करून रिकामी केली. मी तीन वेळा घसरलो.

कारध्याला परतलो तेव्हा घाटावर बायको उभी होती. पाय गेल्यापासून ती पहिल्यांदाच एवढं एकटी चालत आली होती, काठी टेकत, घामानं निथळत. साळ्यानं आपला अहवाल दिला. एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही. तिच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं की ती मनातल्या मनात माघारी वळली आहे. तरी तिनं उरलेलं पोतं उघडलं, आत हात घातला आणि मूठ बाहेर काढली.

"हा कोंडा हाय."

"मंग? तुह्यासाठी चांगला माल घेतला. तूस टोचते."

"कोणाले टोचते? तूस खाली डब्यात पडते, मी वर बसून रायते!" घाटावरच्या बाया वळून पाहायला लागल्या. तिनं आवाज खाली केला. "अवो, कोंडा ओला झाला का आंबते. तूस पानी पेत नाई, त्याच्यातून हवा जाते. मी तूस म्हनली होती. राख म्हनली होती. तुमी आयकलं तरी काय?"

मी पोत्याचं तोंड बांधायला लागलो. पण ती रडकुंडीला आलेली बाई आता चिडली होती, आणि चिडली की तिला मार्ग दिसतो. तिथंच घाटावर बसून तिनं मला कामाला लावलं. पेटी मध्यभागी, शिडाच्या बांबूच्या बुडाशी, कारण डोंगा कितीही कलला तरी मधली जागा कमी हलते. पेटी फळ्यांना खिळ्यांनी ठोकायची. झाकणाला दोरी. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पुढच्या बाजूला पन्हळ लावायची, म्हणजे लघवी वेगळ्या मडक्यात जाईल आणि डबा कोरडा राहील. आणि डब्यात आधी तुसाचा थर, मग दरवेळी वरून तूस आणि राख मिसळून. सुताराकडे या वेळी ती स्वतः गेली. काय बनवायचं आहे ते तिनं सरळ नाव घेऊन सांगितलं, आणि सुतार खाली मान घालून रंधा मारत बसला.

मग निघालो. पहिल्या दिवशी दुपारी वारा पडलेला होता. तिनं जुन्या लुगड्याचा आडोसा बांधला आणि मला सांगितलं, "तिकडं तोंड करा." मी पल्याडचा काठ पाहत बसलो. इतका वेळ की त्या काठानं मला ओळख द्यायला हवी होती. मागं तूस सळसळलं, झाकण आपटलं.

"जमलं का वं?"

"नदीले वरडून सांगता का आता?"

जमलं होतं. वास नाही, माशी नाही. पाचही दिवस डबा कोरडा राहिला. मी एकदा हळूच पेटीकडे सरकलो तर तिनं काठी आडवी घातली. "तुमचे पाय धड हायेत. तुमी काठ चढा." म्हणजे कल्पना माझी, हसू माझं झालं, घसरगुंडी माझी, आणि बसायचा मान तेवढा तिचा! मी पाच दिवस चिखलातून चढलो आणि उतरलो. पवनीच्या बाजारातून मात्र टोपल्या रिकाम्या करून आलो.

कारध्याच्या घाटाला लागलो तेव्हा माझी पाठ धरली होती, घरचं अंथरूण डोळ्यांपुढं दिसत होतं. मी उतरून हात पुढे केला. ती जागची हलली नाही.

"उतर न वं."

"परवा पुन्हा निघाचं हाय न?"

"हो."

"मंग उतरू कायले?" तिनं पाय लांब केले आणि ओलं जाळं मांडीवर ओढून फाटका भाग शोधायला लागली. "तुमी या जाऊन घरी. भाकरी तेवढी आना."

मी तिच्याकडे पाहिलं, काठाकडे पाहिलं. मग पेटीतून डबा काढला, डोक्यावर घेतला आणि एकटाच चढायला लागलो. अर्ध्यावर पोचलो तोच खालून तिचा आवाज आला.

"धुवून आना. आन् तूस, आयकलं का? तूस!"