ल्युदमिलाचं पेंडिंग गाव

नकाशांच्या कंपनीत काम करणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. २००३ पासून चार वर्षं मी अमेरिकेत, पार्सिपनीत गावांच्या नावांचा डेटाबेस सांभाळला. तिथला कोड केव्हाच विसरलो, पण शेजारच्या टेबलावरची ल्युदमिला डोक्यातून जात नाही. बाई साठीची. सोव्हिएत राजवट संपल्यावर इकडे आलेली. तिकडे गावांना आपली जुनी नावं परत मिळत होती आणि ती आमच्या नकाशावर आणणं हे तिचं काम.

* * *

पहिल्याच आठवड्यात मी शहाणपणा केला. म्हटलं, "आमच्याकडेही बॉम्बेची मुंबई झाली, पण लोक दोन्ही म्हणतात. एवढं काय त्यात?"

"चुकून जुनं नाव घेतलं म्हणून तुमच्याकडे कुणाला उचलून नेलं होतं का?" तिने विचारलं.

मी कामाला लागलो.

* * *

लेनिनग्राद शहराचं पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झालं, तेव्हा भोवतालच्या प्रांताचंही झालंच असणार, असं धरून मी ते बदलून टाकलं. दुसऱ्याची चूक दिसली की पुणेकराला राहवत नाही.

"प्रांताने लेनिनग्रादच ठेवलंय," ल्युदमिला म्हणाली.

"पण ते बरोबर नाही ना?"

"नसू दे. तिथे ते राहतात, तू नाही."

तिला स्वतःलाही ते नाव आवडत नव्हतं. तरी माझा बदल तिने रद्द करायला लावला.

* * *

कुठल्याही गावाचं जुनं नाव नकाशावर आलं की ती घरून मधाचा केक करून आणायची. एका आठवड्यात अकरा गावं झाली. आमचा मॅनेजर फ्रँक हात जोडून म्हणाला, "यापुढे जिल्ह्याला एक केक, प्लीज."

* * *

तिचं स्वतःचं गाव मात्र तिने तीन वर्षं पेंडिंग ठेवलं होतं. जुनं नाव केव्हाच परत मिळालं होतं, कागद आले होते, पण ती ओके करत नव्हती. आमच्या घरी जेवायला आली तेव्हा कारण कळलं. ती नऊ वर्षांची असताना आईवडिलांना एकाच दिवशी नेलं. तिला एका अनाथाश्रमात टाकलं, चार वर्षांच्या भावाला दुसऱ्या. पुन्हा भेट नाही.

"त्याला गावाचं सोव्हिएत नावच माहीत आहे," ती म्हणाली. "जुनं नाव तेव्हा कुणी मोठ्याने उच्चारायचंच नाही."

आमच्या मुलीने विचारलं, "काकू, are you still looking for him?"

"मी शोधतेच आहे. पण तोही शोधत असेल ना?"

माझ्या बायकोने तिला आणखी एक पोळी वाढली.

* * *

पुढच्याच महिन्यात रिलीजच्या घाईत मी सगळी पेंडिंग गावं एका कमांडमध्ये ओके केली. तिचंही. आमचा नियम असा की एका गावाला एकच नाव, आधीचं पुसून जायचं. सोमवारी तिने सोव्हिएत नाव टाईप करून पाहिलं. काहीच सापडलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सॉरी म्हणालो.

"तुझं बरोबरच आहे. ते नाव जायलाच हवं होतं," ती म्हणाली. मंगळवारी तिने केक आणला. आम्ही तो खाल्ला, पण वर कुणी बघत नव्हतं.

* * *

मी फ्रँकच्या मागे लागलो: तिच्या गावाचं सोव्हिएत नाव नकाशावर दाखवू नका, पण कुणी ते नाव शोधलं तर गाव सापडू द्या. तो म्हणाला, "फॉर्म भरा. ते नाव अजून कुणी वापरतं याचे दोन पुरावे लागतील."

फ्रँक म्हणजे स्वल्पविराम चुकला तरी फॉर्म परत पाठवणारा माणूस. ल्युदमिलाने फॉर्म भरला. पहिल्या पुराव्यापुढे लिहिलं, 'बहीण'. दुसरा रकाना कोरा.

"दुसरा पुरावा?" फ्रँकने विचारलं.

"तो आला की जोडते."

फ्रँकने सही केली.